आपण बघितलं की हरतात

१३ जून २०२४, गुरुवार, रात्री साडेअकरा

हरलो. ४-३. बर्फावरच्या हॉकीच्या स्टॅनली कपच्या फायनलमध्ये फ्लोरिडा तीन, एडमंटन शून्य. सातांतल्या चार मॅच जिंकणारा कप नेतो. म्हणजे त्यांना आता एकच हवीय आणि आम्हाला उरलेल्या चारही.

‘आम्हाला’ असं लिहून गेलो खरा. अकरा वर्षांपूर्वी खडकीहून इथे, कॅनडातल्या एडमंटनला आलो तेव्हा पक म्हणजे चेंडूच्या जागची रबरी चकती हेही ठाऊक नव्हतं. हॉकी म्हणजे मैदानावरची, आमच्या खडकीच्या धनराज पिल्लेची. बर्फावर बुटाला पाती लावून कुणी तसलं काही करत असेल तर त्याला सर्कस म्हणत असावेत, अशी समजूत. मग शहराची बस चालवायला लागलो आणि सुटका राहिली नाही. उणे तीसमध्ये थांब्यावर उभा असलेला माणूस चढतो, चष्म्यावर वाफ धरलेली असते, पास दाखवायच्या आधी विचारतो, “काल बघितलीस?” रोज रोज ‘नाही’ म्हणायला लाज वाटायला लागली म्हणून बघायला बसलो, तो बसलोच.

आज ४-१ ने मागे होतो. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये दोन गोलांची परतफेड झाली, तिसरा काही होईना. त्यांचा गोलकीपर बोब्रोव्स्की. पहिल्या मॅचला या माणसाने ३२ फटके अडवले आणि एकही आत जाऊ दिला नाही. आमचा पॉवर प्ले, म्हणजे समोरचा एक जण शिक्षेला बाहेर बसलेला असताना पाच विरुद्ध चार, हेच आमचं वर्षभराचं हुकमी अस्त्र. तीन मॅचमध्ये त्यावर एकही गोल नाही. ऐन लग्नात आचारी गायब व्हावा तसं.

चिरंजीव सोफ्यावरच झोपलेत. अंगात केशरी जर्सी. प्लेऑफ सुरू झाल्यापासून ती धुवायची नाही असा त्याचा नियम आहे, आणि प्लेऑफ सुरू झाली एप्रिलमध्ये. बायको पांघरूण घालायला गेली आणि नाक धरून परत आली.

१४ जून, शुक्रवार

बसच्या कपाळावरची पाटी अजून ‘गो ऑइलर्स गो’ दाखवतेय. ऑइलर्स म्हणजे आमचा एडमंटनचा संघ. मग नंबर, मग पुन्हा ‘गो ऑइलर्स गो’. सकाळी लोक ती पाटी वाचून मान खाली घालून चढत होते.

एक म्हातारेबुवा रोज डाउनटाउनला जातात, पुढच्या आडव्या बाकावर बसतात. संघाचे पाचही कप त्यांनी पाहिलेत. ८४, ८५, ८७, ८८, ९०. साल सांगताना नातवंडांची नावं घेतल्यासारखं सांगतात. ८८ चा कप झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये संघातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला, ग्रेट्स्कीला, लॉस एंजेलिसला विकलं, ते मात्र अजून कालच घडल्यासारखं बोलतात. आज म्हणाले, फायनलमध्ये शून्य-तीनवरून कप जिंकलेला आजवर एकच संघ. टोरोंटो, १९४२, डेट्रॉइटविरुद्ध. आणि मग खिडकीबाहेर बघत, “महायुद्ध चालू होतं तेव्हा.”

जणू आता तेवढंच बाकी आहे.

संध्याकाळी कुंपणापाशी शेजारचे पाजी भेटले. लुधियानाचे, ट्रक चालवतात, मॅच पंजाबी कॉमेंटरीवर बघतात. ‘मारेया शॉट, कित्ता गोऽऽल’ ऐकू आलं की आमच्या स्वयंपाकघरात कळतं काय झालं ते. इथे प्लेऑफ संपेपर्यंत खेळाडू दाढी करत नाहीत, चाहतेही नाहीत. माझे खुंट बघून पाजी हसले. “तुझी दोन महिन्यांची. माझी जन्मापासून प्लेऑफची. तरी बघ, शून्य-तीन.”

१५ जून, शनिवार

आज सकाळी भारत विरुद्ध कॅनडा होती. टी-ट्वेंटी वर्ल्ड कप, लॉडरहिलला. गंमत म्हणजे लॉडरहिल आणि सनराइझ, जिथे पहिल्या दोन मॅचमध्ये आमची प्रेतं पडली, ही फ्लोरिडात अगदी शेजारी शेजारी. एकीकडे क्रिकेट, पलीकडे बर्फ. पासपोर्ट इथला, मन तिथलं, मी कुणाच्या बाजूने बसायचं हा प्रश्न घरात दोन दिवस चघळला जात होता. मैदान इतकं ओलं की टॉससुद्धा झाला नाही. पावसाने लाज राखली.

चौथ्या मॅचला माझी दुपारची ड्युटी होती. खरं तर बदलून मागितली होती, मिळाली नाही. आता वाटतं, बरं झालं.

मॅच सहाला सुरू होते. सहानंतर हे शहर कसं होतं ते सांगितलं तर पुण्यातल्या माणसाला लगेच कळेल. रविवारी सकाळी टीव्हीवर महाभारत लागायचं तेव्हा आमच्या गल्लीत असायचा तोच शुकशुकाट. मी रिकामी बस घेऊन व्हाइट अव्हेन्यूवरून चाललोय, जूनचं ऊन लख्ख, दुकानं उघडी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. फोनला हात लावायची सोय नाही, नोकरी जाईल.

आणि मग एक हॉर्न. मग दुसरा. मग पार्किंगमधल्या, गल्लीतल्या सगळ्या गाड्या एकदम. एका बारच्या दारातून चार माणसं नुसती ओरडायला बाहेर आली आणि परत आत गेली.

एक-शून्य, मी मनात लिहिलं. थोड्या वेळाने पुन्हा हॉर्न. पुन्हा. पाचव्यांदा वाजले तेव्हा वाटलं आपण चुकतोय, कुणाची तरी वरात असेल. थांब्यावर एक नर्सबाई चढली, तिला विचारलं. म्हणाली, “पाच-एक. बोब्रोव्स्कीला काढून बसवलं.”

शेवटी ८-१. आमच्या कॅप्टनने, मॅकडेव्हिडने, एका प्लेऑफमध्ये सर्वांत जास्त असिस्ट, म्हणजे गोल करून देणारे पास, देण्याचा ग्रेट्स्कीचा १९८८ चा विक्रम मोडला. ३१ चे ३२. ग्रेट्स्कीचा पुतळा स्टेडियमच्या बाहेरच उभा आहे, डोक्यावर कप धरून. आज त्याच्याखालून गेलेल्या सगळ्यांनी वर बघितलं असणार.

घरी आलो तर बायको दारातच. “पहिल्या तीन तू घरी बसून बघितल्यास ना?”

“हो.”

“आणि आज तू ड्युटीवर.”

पुढे ती काही बोलली नाही. तिला बोलायची गरजही नव्हती.

१८ जून, मंगळवार

सुट्टी होती. तरी एका सहकाऱ्याची संध्याकाळची पाळी मागून घेतली. तो माझ्याकडे देव भेटल्यासारखा बघत होता. त्याला मॅच बघायची होती, मला ती बघायची नव्हती. असा व्यवहार क्वचित जुळतो.

ही मॅच फ्लोरिडात, चार हजार किलोमीटरवर. पण इथे डाउनटाउनला स्टेडियमबाहेरच्या पटांगणात पडदा लावलाय. त्या जागेला ‘मॉस पिट’ म्हणतात, जोई मॉसवरून. डाउन सिंड्रोम असलेला हा माणूस वर्षानुवर्षं संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये टॉवेल, पाण्याच्या बाटल्या बघायचा, राष्ट्रगीत सगळ्यांत मोठ्याने म्हणायचा. २०२० मध्ये गेला. आपल्याकडे पॅव्हेलियनला मंत्र्याचं नाव देतात. असो.

५-३. जिंकलो. हॉर्न मोजण्यात आता माझा हात कुणी धरणार नाही.

बाबांचा फोन. इथले संध्याकाळचे सहा म्हणजे खडकीत पहाटेचे साडेपाच. चहा घेता घेता मोबाइलवर स्कोअर बघतात. आयुष्य अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत गेलं, रविवारी मैदानावर हॉकी. बर्फावरची त्यांना अजून पटत नाही. “यांच्यात स्टिकपेक्षा हात जास्त चालतात रे.” पण आज पहिलं वाक्य होतं, “कुठे होतास तू?”

“ड्युटीवर, बाबा.”

“शाब्बास. शुक्रवारीही जा.”

म्हणजे बायकोने सांगितलंय.

२१ जून, शुक्रवार

गेलो. ५-१. तीन-तीन.

आज बसमध्ये एक कॉलेजचा मुलगा माझ्या मागेच उभा राहून कानातलं ऐकत धावतं वर्णन करत होता. उभं राहू नका असं सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. आपण २-० केलं, दहा सेकंदांत बार्कोव्हने त्यांचा गोल केला, बस गप्प. मग आपल्या कोचने दाद मागितली, ऑफसाइड निघाला, गोल रद्द. एक आजी माझ्या पाठीवर थोपटून गेल्या. गोल मीच रद्द केला असावा.

परतीला व्हाइट अव्हेन्यू बंद. माणसंच माणसं. आम्हाला दोन गल्ल्या आतून वळवलं. तिथेही एक जण घराच्या छपरावर बसून पातेलं बडवत होता.

२३ जून, रविवार

झोप नाही.

हे लिहून ठेवतो, नंतर पटणार नाही. शून्य-तीन असताना मी मजेत होतो. सगळं शहरच होतं. माणसं एकमेकांना दार धरून ठेवत होती, विनोद करत होती. मयताला जमलेल्या घरात तिसऱ्या दिवशी कसे हळूच हसायला लागतात, तसं. गेलंच आहे म्हटल्यावर हात मोकळे होतात. एक जिंकली तरी पुष्कळ, निदान चार-शून्यचा झाडू नको, एवढंच मागणं. मग एकाची दोन झाली, दोनाची तीन, आणि आता जे गेलंच होतं ते पुन्हा आपलं वाटायला लागलंय. १९९३ ला माँट्रियलने कप घेतल्यावर तो कॅनडात आलेला नाही. शून्य-तीनला हे कुणी काढलं नव्हतं. आता जो चढतो तो तेच बोलतो.

मॉलमध्ये आज कुणी कुणाकडे बघून हसेना. आमच्याकडचा बापट, परीक्षेच्या निकालाच्या आदल्या दिवशी... नाही, ते लिहीत नाही. आमच्या वाड्यातली जुनी गोष्ट आहे, ज्याची आहे तो अजून तिथेच राहतो.

म्हातारेबुवा काल म्हणाले, २००६ लाही असंच. कॅरोलायनाविरुद्ध एक-तीनवरून तीन-तीन केलं. “मग?” मी विचारलं. उत्तर ठाऊक असून विचारलं. ते म्हणाले, “सिग्नल हिरवा झालाय.”

२४ जून, सोमवार, मध्यरात्र

सकाळी साडेआठला भारत-ऑस्ट्रेलिया. रोहितने ४१ चेंडूंत ९२. स्टार्कच्या एका षटकात २९ धावा. मी नाचलो. पाजी कुंपणावरून ओरडले, “आज अपना दिन है!” बायको म्हणाली, “नशीब सकाळीच संपवू नका सगळं.”

दुपारी ड्युटीवर गेलो. कंट्रोल रूममध्ये विचारलं गेलं, तुला आजही पाळी हवीय? नक्की? मी नक्की म्हणालो.

साडेसहाच्या सुमाराला हॉर्न वाजले. आमच्या यानमार्कचा गोल. पहिला त्यांनी केलेला होता, हे मला चढलेल्या एका बाईकडून कळलं होतं, म्हणजे १-१. बरोबर. मग हॉर्न नाहीत. मी चाललोय, थांबे येताहेत, कुणी चढत नाही, उतरत नाही. एक-एक, एक-एक असं मनात चालू. अशी मॅच ओव्हरटाइमला जाते, मग आपला कुणीतरी एक मारतो, मग सगळ्या शहराचे हॉर्न. मी तो आवाज ऐकायला काच थोडी खाली घेतली.

आठ वाजायला आले तेव्हा एक माणूस चढला. केशरी जर्सी, पाठीवर मॅकडेव्हिडचा ९७. मी म्हटलं, “अजून १-१?”

त्याने माझ्याकडे विचित्र बघितलं. “दोन-एक. त्यांचे. केव्हाच.”

दुसऱ्या पिरियडमध्येच राइनहार्टने मारला होता. समोरच्याने गोल केला की शहर हॉर्न वाजवत नाही, हे साधं गणित दहा दिवसांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी जवळजवळ पाऊण तास एका अशा मॅचमध्ये होतो जी कुठेच चालू नव्हती. आणि खरं सांगू का, छान होती ती.

मग संपलंच. शेवटच्या थांब्यापर्यंत तो ९७ नंबरवाला बसून राहिला. मॅकडेव्हिडला सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक जाहीर झाला, तो घ्यायला तो बाहेर आलाच नाही, हे त्यानेच फोनवर बघून सांगितलं. हरलेल्या संघातल्या माणसाला हा करंडक फार थोड्या वेळा मिळालाय. “मीही आलो नसतो,” म्हणाला.

पावणेनऊ वाजले होते आणि बाहेर भर दुपारसारखं ऊन. इथे जूनमध्ये सूर्य दहानंतर मावळतो. हरल्यावर निदान अंधार तरी हवा. माणसं बारमधून बाहेर पडत होती, डोळ्यांवर हात धरून, आणि सगळ्यांचे चेहरे सगळ्यांना दिसत होते.

डेपोत बस लावली. पुढे जाऊन बघितलं. ‘गो ऑइलर्स गो’. मग ‘नॉट इन सर्व्हिस’. मग ‘गो ऑइलर्स गो’.

२५ जून, मंगळवार

दाढी केली. जर्सी मशीनमध्ये. पोराने पाणी गरम लाव, गार लाव यावर आईशी वाद घातला, म्हणजे तो ठीक आहे.

बाबांचा फोन.

“काल ड्युटीवर होतास ना?”

“होतो, बाबा.”

“पूर्ण वेळ?”

“पूर्ण वेळ.”

बराच वेळ नुसता मिक्सरचा आवाज येत होता तिकडून. मग म्हणाले, “काच बीच खाली केली होतीस का?”