दोन वर्षे टिकलेली मोटार

दारव्हा-दिग्रस भागातील, जळालेल्या मोटारींत नवी तार भरणाऱ्या (रिवाइंडिंग) एका कारागिराच्या वह्यांवर मी सध्या काम करतो आहे. विहिरीवरची मोनोब्लॉक मोटार तांब्याच्या तारेने भरली तर जास्त टिकते की ॲल्युमिनियमच्या, एवढाच मूळ प्रश्न होता. पुष्कळ मोटारी दुकानात परत आलेल्याच नव्हत्या, म्हणजे त्यांचे पूर्ण आयुष्य वहीत नव्हते. माझ्या एका सहकाऱ्याने त्या नोंदी अपूर्ण म्हणून गाळण्याचा सल्ला दिला, आणि तो मला आजही अक्षम्य वाटतो, कारण सर्वांत टिकाऊ मोटारी नेमक्या त्यांतच असतात. अशा अर्धवट आयुष्यांचा हिशेब कसा मांडावा हे कॅपलान आणि मायर या संशोधकांनी १९५८ मध्येच दाखवून दिले आहे. मात्र जळाल्यावर दुसऱ्या दुकानात गेलेली मोटार 'अजून चालू' धरली तर तीही पद्धत फसते. म्हणून कारागिरासोबत बसून, गाव आणि गिऱ्हाईक आठवत, आम्ही एकेक नोंद तपासली.

किती काळानंतर किती मोटारी चालू राहतात हे दाखवणारा तांब्याचा वक्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत वर राहिला. कोणतीही मुदत घ्या, ती पार करण्याची शक्यता तांब्याचीच जास्त. यालाच संख्याशास्त्रात आम्ही नेहमीची स्टोकॅस्टिक ऑर्डर म्हणतो, आणि ती सरासरींच्या तुलनेपेक्षा बरीच बळकट असते. तेवढ्यात दुकानात आलेल्या एका काकांनी विचारले, "सर, माही मोटार ॲल्युमिनियमची हाय, दोन सालं चालली. चना निघेपर्यंत टिकन का, एवढंच सांगा."

या प्रश्नाला तो वक्र थेट उत्तर देत नाही. समजण्यापुरते कल्पित आकडे घेऊ: तांब्याच्या १०० मोटारींपैकी दोन वर्षांनी ८० आणि तीन वर्षांनी ४८ चालू आहेत; ॲल्युमिनियमच्या अनुक्रमे ५० आणि ४०. दोन्ही वेळी तांबेच पुढे आहे. पण दोन वर्षे टिकलेल्यांपैकी तिसरे वर्ष काढणाऱ्या तांब्याच्या ६० टक्के, तर ॲल्युमिनियमच्या ८० टक्के. प्रत्येक वयाला उरलेल्या आयुष्याचा क्रम तोच राहायला हवा असेल, तर हॅझर्ड रेट ऑर्डर लागते, म्हणजे तोवर टिकलेली मोटार लगेच बिघडण्याचा दर प्रत्येक वयाला तांब्याचाच कमी असायला हवा. तिच्यातून नेहमीची ऑर्डर निघते, उलट निघत नाही. आमच्या वह्यांतही दुसऱ्या वर्षानंतर क्रम उलटलेला दिसला.

म्हणून जुनी ॲल्युमिनियमची मोटार चांगली म्हणायची का? माझे मत तसे नाही. कमी व्होल्टेजला भारावरची मोटार जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापते आणि तारेवरचे इन्सुलेशन जाते. लांबच्या, भार वाढलेल्या डीपीवरच्या (म्हणजे वीज ट्रान्सफॉर्मरवरच्या) कमकुवत मोटारी आधीच जळून जातात आणि मागे बऱ्या डीपीवरच्या उरतात. विमानांच्या वातानुकूलन यंत्रांच्या नोंदींवरून संख्याशास्त्रज्ञ फ्रँक प्रोशान यांनी १९६३ मध्ये हेच स्पष्ट केले होते: प्रत्येक यंत्राचा बिघाडदर स्थिर असला तरी निरनिराळ्या दरांची यंत्रे एकत्र मोजली की एकूण दर वयानुसार घटताना दिसतो.

काकांना मी टक्केवारी सांगितली नाही. त्यांची मोटार कोणत्या डीपीवर आहे आणि संध्याकाळी व्होल्टेज किती राहतो, हे विचारले. वहीत हा रकानाच नव्हता. कारागिराने तो आता आखला आहे, पण जुन्या नोंदींची डीपी गावाच्या नावावरून ठरवणे कितपत ग्राह्य धरावे, यावर माझे मन अजून स्थिर झालेले नाही, कारण एकाच गावात दोन डीपींचा व्होल्टेज सारखा नसतो.