रोलर मागे ओढावा की लिफ्टवर उचलावा?

गेल्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर रानाला रोटाव्हेटरची पाळी दिली आणि वाफशावर ट्रॅक्टरने हरभरा पेरला. दहाव्या दिवशी रान पाहिले तेव्हा उगवण विरळ होती. मात्र पेरणीच्या वेळी ट्रॅक्टरची मागची चाके जिथून गेली होती, त्या चाकोऱ्यांतील तासे या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत भरून उगवली होती. बियाणे तेच होते आणि दिवसही तोच होता. चाकाने दाबलेल्या मातीवर बी पडले, त्या मातीतून खालची ओल वर चढत राहिली आणि बियाला ती मिळाली. बाकीच्या रानात रोटाव्हेटरने माती इतकी भुसभुशीत करून ठेवली होती की बी ढेकळांमधल्या पोकळीत अडकले आणि ऑक्टोबरच्या उन्हाने ती ओल दोन-चार दिवसांत उडवली.

आमचे वडील पेरणीआधी रानावर फळी मारत आणि ती उडू नये म्हणून तिच्यावर दगड ठेवत. ढेकळे फुटावीत आणि माती बसावी, हाच त्यामागचा हेतू होता. बैल गेले, तसे हे कामही मागे पडले. या वर्षी मात्र रोटाव्हेटरनंतर आणि पेरणीच्या आधी रान दाबायचेच, असे ठरवले आणि रोलरची, म्हणजे माती दाबणाऱ्या जड लोखंडी ड्रमची, चौकशी सुरू केली. तेव्हा पहिला प्रश्न हाच उभा राहिला की हुकाला अडकवून ओढायचा रोलर घ्यावा, की लिफ्टच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजार उचलणाऱ्या दांड्यांच्या, तीन सांध्यांवर बसवायचा.

ओढायच्या रोलरचा मोठा गुण असा की त्याचे सगळे वजन तो स्वतः पेलतो. ट्रॅक्टरला केवळ ओढावे लागते, त्यामुळे लिफ्टच्या ताकदीची चिंता नसते आणि रोलर हवा तेवढा जड व रुंद करता येतो. मोठ्या व्यासाचे ड्रम ढेकळांवर सहज चढतात, माती पुढे लोटत नाहीत. अडचण वळणावर येते. धुऱ्यावर आखूड वळण घेतले की रोलरचे आतले टोक जागच्या जागी फिरते, माती खरवडते आणि तिथे ढीग होतो. कोपऱ्यात मागे घेणे त्याहून कठीण असते. शिवाय एका रानातून दुसऱ्या रानात जाताना लोखंडी ड्रम डांबरी रस्त्यावरून ओढत नेता येत नाही; त्यासाठी वाहतुकीची चाके हवीत, नाहीतर ट्रॉली हवी.

लिफ्टवरचा रोलर धुऱ्यावर उचलला की काम झाले, पण उचललेले वजन कुठे जाते, हे विकणारा सांगत नाही. मी कागदावर हिशेब मांडला. समजा, ट्रॅक्टर १,९०० किलोचा आहे, पुढच्या चाकांवर ७६० किलो भार आहे, दोन्ही आसांतले अंतर १.९ मीटर आहे आणि ४५० किलोचा रोलर मागच्या आसापासून १.५ मीटर मागे लटकतो आहे. रोलर उचलताच पुढच्या चाकांवरचा सुमारे ३५५ किलो भार कमी होतो आणि मागच्या चाकांवर ८०५ किलो वाढतो. पुढे उरतात ४०५ किलो. ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाच्या किमान २० टक्के, म्हणजे येथे ३८० किलो भार पुढे असावा, असा नियम आहे. सपाट जमिनीवर तो जेमतेम पाळला जातो. पाणंदीच्या खड्ड्यात पुढची चाके उडतात आणि स्टिअरिंग हाताला लागत नाही. मागे वाढलेला भारही फुकटचा नसतो. आमच्या काळ्या चिकण मातीत जरा ओल असताना प्रत्येक वळणाला त्याच जागी ८०० किलो जादा भार पडला, तर धुऱ्याकडची पट्टी दगडासारखी आवळते. ज्या रोलरने माती बसवायची, त्यानेच ती चिणली, तर उपयोग काय?

माझी जमीन दोन ठिकाणी आहे आणि मधे तीन किलोमीटरची पाणंद आहे. त्यातला नदीकडचा तुकडा तिकोना आहे. तिथे ओढायचा रोलर वळणारच नाही. म्हणून मी लिफ्टवरचाच रोलर घेतला, पण पोकळ ड्रमचा. ४५ सेंटिमीटर व्यास आणि १.८ मीटर लांबी असलेल्या ड्रममध्ये सुमारे २८५ लिटर पाणी मावते. रिकामा असताना सांगाड्यासह तो १९० किलोच्या आसपास भरतो. विहिरीवर पाणी भरले की ४७५ किलो होतो, म्हणजे दर मीटरला साधारण २६५ किलो. पाणंदीने जाताना तो रिकामा असतो. रान संपले की बूच काढून पाणी बांधावरच्या झाडांना सोडतो. ड्रमवर गोल पट्ट्या वेल्ड करून घेतल्या आहेत, कारण गुळगुळीत ड्रमने रान चोपडे होते आणि नंतर पाऊस आला तर वर पापडी धरते.

चालवताना एक गोष्ट मी काटेकोरपणे पाळतो. काम चालू असताना लिफ्टचा दांडा पूर्ण खाली असावा लागतो. तो मधे अडकवला, तर रोलर निम्मा ट्रॅक्टरवर लटकतो, उंचवटा दाबतो आणि खोलगट जागा तशीच सोडतो. त्याचप्रमाणे मूठभर मातीचा गोळा होऊन हाताला चिकटत असेल, तर त्या दिवशी रोलर रानात नेत नाही.

शेजारच्या काकांचे अठरा एकर रान एकाच पट्ट्यात आहे आणि तासे लांब आहेत. त्यांनी माझा रोलर पाहून तसाच करून घ्यायचे ठरवले होते. मी त्यांना ओढायचाच घ्या म्हणालो, तोही तीन तुकड्यांत जोडलेला, म्हणजे वळताना प्रत्येक तुकडा आपल्या गतीने फिरेल.