डेपोतला एजंट

सध्या माझ्या टेबलावर अमेरिकेतल्या एका छोट्या गावाच्या रेल्वे डेपोचं, म्हणजे स्टेशनचं, मॉडेल उभं राहतंय. काळ 1910 च्या आसपासचा, प्रमाण 1:87. लाकडी, बैठी इमारत. एका टोकाला वेटिंग रूम, दुसऱ्या टोकाला मालाचं गोदाम आणि मधोमध एजंटचं ऑफिस. ऑफिसची खिडकी फलाटावर पुढे काढलेली, म्हणजे बसल्या जागेवरून दोन्हीकडचे रूळ दिसणार. ती चिकटवताना नाकी नऊ आले, पण खरी गंमत त्याच खिडकीत आहे.

लहान डेपोत एजंट एकटाच असायचा. तिकिटं द्या, मालाच्या पावत्या करा, तारा घ्या, तारा पाठवा. गलबल्यात तारयंत्राची कडकट्ट नीट ऐकू यावी म्हणून त्यामागे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा खोचायचे, बहुतेकदा 'प्रिन्स अल्बर्ट'चा. मीही तो केलाय, तांदळाच्या दाण्याहून लहान. कुणाला दिसणार नाही, हरकत नाही.

न थांबणाऱ्या गाडीला पुढे कुठे थांबायचं, कुणाला वाट द्यायची असा हुकूम द्यायचा तर पातळ कागदावर उतरवून तो लांब दांड्याच्या कडीत अडकवायचा आणि रुळाला लागून कडी उंच धरायची. धडधडत जाणाऱ्या इंजिनातला माणूस हात घालून ती ओढून घेई, कागद काढून कडी खाली भिरकावी. मग एजंटसाहेब ती शोधत रुळाच्या कडेने चालले!

रिचर्ड सीयर्सही असाच एक एजंट. 1886 मध्ये मिनेसोटातल्या नॉर्थ रेडवुडला गावच्या जवाहिऱ्याने घड्याळांचं पार्सल नाकारलं. सीयर्सने ते ठेवून घेतलं आणि लाइनीवरच्या इतर एजंटांना घड्याळं विकली. त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीच्या कॅटलॉगमधून 1908 पासून चक्क घरं मागवता यायची. लाकूड, दारं, खिडक्या मालडब्यातून डेपोवर हजर.

अमेरिकेच्या दक्षिणेतला डेपो केला असता तर मात्र एक भिंत वाढवावी लागली असती. तिथे गोऱ्यांची वेटिंग रूम वेगळी, काळ्यांची वेगळी. 1896 साली सर्वोच्च न्यायालयाने या विभागणीला मान्यता दिली, तो 'प्लेसी' खटलाही रेल्वेच्या डब्यावरूनच उभा राहिला होता. जुन्या स्टेशनांचे गोडवे गाताना लोक ही भिंत गाळतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. पुढचं मॉडेल दक्षिणेतलंच करणार, दोन्ही दारांवरच्या पाट्यांसकट.