गवतावर उतरणारं जुनं विमान कोणतं घ्यावं?

"काका, एक जुनं विमान घ्यायचंय. परवडणारं, आणि गवताच्या पट्टीवर उतरणारं. कोणतं घेऊ?" हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा येतो. विचारणारी मुलं पुण्याचीच असतात. कुणी सहकारनगरचं, कुणी चिंचवडचं, आता अमेरिकेत नाहीतर ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेलं. तिथं खासगी पायलटचं लायसन्स काढतात, मग गावाबाहेर कुणाच्या तरी रानातली पट्टी मिळते, आणि हडपसरच्या या निवृत्त एएमईचा, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरचा, नंबर शोधून काढतात. दर वेळी फोनवर अर्धंच सांगून होतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं लिहून काढतो.

उत्तर आधीच देतो. एकटं किंवा दोघांनी उडायचं असेल तर एरोंका चॅम्पियन, आणि मिळालं तर ८५ किंवा ९० हॉर्सपॉवरचं. बायको, दोन मुलं आणि सामान घेऊन जायचं असेल तर सेसना १७०बी. आता हे का, ते सांगतो. कारण कळलं नाही तर विमान बरोबर घेऊनही पट्टीवर चूक होते.

माझी उमेदवारी एका फ्लाइंग क्लबात पुष्पक विमानांवर झाली. पुष्पक १९५८ साली बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये पहिल्यांदा उडालं. ते ज्यांच्या हाताखाली घडलं ते डॉ. विष्णु माधव घाटगे आपल्या कोल्हापूरकडचे, जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्याकडे शिकलेले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, पुढे ९० हॉर्सपॉवरचं काँटिनेंटल इंजिन आणि शेपटीखाली छोटं चाक. त्याची घडण अमेरिकेच्या एरोंका चीफवरून घेतलेली, आणि चॅम्पियन हे त्या चीफचं सख्खं भावंड. चीफमध्ये दोघं शेजारी बसतात, चॅम्पियनमध्ये पुढेमागे. म्हणून चॅम्पियनचे फोटो कुणी पाठवले की मला त्यात घरचंच माणूस दिसतं. हा माझा पक्षपात आहे, पण त्यामागं बरीच वर्षं हात काळे केलेले आहेत.

खडबडीत गवतासाठी विमान निवडताना नजर आधी खाली जावी. वेग, रेडिओ, रंग हे सगळं नंतर. पंख्याचं, म्हणजे पुढच्या प्रोपेलरचं, टोक जमिनीपासून किती वर आहे, चाकांचे पाय कसे आहेत आणि तिसरं चाक नाकाखाली (नोजव्हील) आहे की शेपटीखाली (टेलव्हील), हे पहिले तीन प्रश्न. सेसना १७२चा पंखा जमिनीपासून जेमतेम ११ इंचांवर असतो. सपाट डांबरावर ते पुरतं. पण पुढचं चाक खड्ड्यात गेलं की नाक खाली जातं आणि ते ११ इंच कुठच्या कुठे जातात. आमच्या क्लबात एक नोजव्हीलचं विमान घुशीच्या बिळात गेलं होतं. वेग माणसाच्या धावण्याइतकाच होता, पायलटला खरचटलंसुद्धा नाही. पण पुढचा पाय ज्या फायरवॉलला, म्हणजे इंजिनमागच्या पत्र्याच्या भिंतीला, जोडलेला असतो तिला सुरकुती पडली आणि पंख्याचं टोक मातीत गेलं. पंखा असा अडकला की इंजिन उघडून आतून तपासावंच लागतं. ते विमान कित्येक महिने उडालं नाही.

टेलव्हीलच्या विमानात पंखा उंच राहतो, आणि मागचं चाक खड्ड्यात आपटलं तरी भार थोडाच असतो. त्याची किंमत वेगळी मोजावी लागते. वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असल्यामुळे धावताना शेपूट पुढे यायला बघते. बैलगाडी मागे रेटून बघा, जरा लक्ष चुकलं की ती आडवी होते. याला ग्राउंड लूप म्हणतात, आणि त्यात विमानाचे पंख व पाय दोन्ही मोडतात. विमान थांबून उभं राहीपर्यंत आपले पाय रडरच्या, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या, पेडलवर जिवंत हवेत. गवताचा एक उपकार मात्र आहे. टायर डांबराला चावतो तसा गवताला चावत नाही, थोडा आडवा सरकतो, म्हणून लहानसहान चुका पोटात घातल्या जातात. अमेरिकेत टेलव्हीलसाठी प्रशिक्षकाची वेगळी नोंद लॉगबुकात लागते. विमान घेण्याआधी ती घ्या. दहा तासांनी आपल्याला हे जमतंय का ते कळतं.

मग पायपर कब का नको, असं सगळेच विचारतात. कब उत्तमच विमान आहे. १९३८ ते १९४७ या काळात जवळजवळ वीस हजार कब बनली, सुटे भाग आजही मिळतात. पण त्याच्या नावाचेही पैसे द्यावे लागतात. शिवाय एकट्यानं उडवताना कबमध्ये मागच्या सीटवर बसावं लागतं, तिथून जमिनीवर नाकापुढचं काही दिसत नाही. चॅम्पियन पुढून उडवता येतं आणि गवतातला दगड आधी दिसतो. त्याचे तेलाचे शॉक अॅब्सॉर्बर लांब दांड्याचे आहेत, नीट भरलेले असतील तर खड्डा ते गिळतात. गळके असले तर प्रत्येक धक्का थेट सांगाड्यात जातो. घेताना पंख हातानं वरखाली करून पाहा, विमान हळू बसायला हवं.

सेसना १४० आणि १७० यांचे पाय स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचे. देखभाल जवळपास शून्य. पण जोरात आपटलेल्या विमानात हा पाय जिथे शिरतो तिथल्या पत्र्याला आतून भेगा पडतात, तिथे आरसा आणि बॅटरी घेऊन डोकं घाला. १७०बीची मोठी फ्लॅप, म्हणजे पंखामागच्या खाली वळणाऱ्या फळ्या, ४० अंशांपर्यंत उतरतात, म्हणून लहान पट्टीवर ते चांगलं. त्यालाच नोजव्हील लावून १७२ झालं.

आता पैशांचं. स्वस्त विमान बहुतेक वेळा कापडाखाली महाग निघतं. मागच्या वर्षी एका मुलानं चॅम्पियनचे फोटो पाठवले होते. नवा पिवळा रंग, आत नवं चामडं, किंमतही बेताची. मी सांगितलं, पैसे देण्याआधी तुझ्या मेकॅनिकला शेपटीच्या पोटाखालचं कापड हातभर उघडायला लाव. विकणारा कुरकुरला, पण तयार झाला. टेलव्हीलची विमानं शेपटीवर बसतात, आत शिरलेलं सगळं पाणी उतरून त्याच कोपऱ्यात साचतं. मेकॅनिकनं खालच्या नळीवर टोचायची आरी टेकवली आणि ती आरपार गेली. वरून चकचकीत असलेली नळी आतून गंजून कागदाएवढी उरली होती. नळ्या बदलायच्या म्हणजे कापड काढायचं, वेल्डिंग करायचं, पुन्हा कापड चढवायचं, त्यावर डोप, म्हणजे कापड ताणून घट्ट करणारा लेप, मारायचा. विमानाच्या किमतीचा मोठा वाटा त्यातच जातो. मुलगा हिरमुसला होता. मला मात्र त्या रात्री शांत झोप लागली. चॅम्पियनच्या पंखातले कणे, म्हणजे भार पेलणाऱ्या लांब तुळया, लाकडाचे असतात, तेही असेच तपासावे लागतात. कधी पंखाचं टोक टेकलं असेल तर त्यात दाबाच्या बारीक आडव्या चिरा असू शकतात.

एक गोष्ट पुण्यानं शिकवली, ती परदेशातल्या मुलांनाही लागू पडते. लोहगाव विमानतळाची उंची सुमारे १,९४० फूट. त्या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंशांच्या आसपास धरतात, आणि एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे ४० असतं. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे इंजिन आणि पंखांच्या लेखी आपण ५,००० फुटांच्या वर उभे असतो. ब्रिटनच्या विमान प्राधिकरणानं छोट्या विमानांच्या उड्डाणाला लागणाऱ्या अंतरासाठी काही गुणक दिलेत: दर १,००० फुटांना १.१, दर १० अंशांना १.१, कोरड्या गवताला १.२, ओल्याला १.३. समजा पुस्तक म्हणतं की समुद्रसपाटीवर थंड हवेत ५० फूट उंची गाठायला ३०० मीटर लागतात. पुण्याच्या उंचीमुळे त्याचे ३६३ होतात, जवळजवळ ३० अंश जास्तीच्या उन्हामुळे ४८३, कोरड्या गवतामुळे ५८०. वर सुरक्षिततेसाठी १.३३ धरा, की ७७० मीटर झाले. मूळ चॅम्पियनचे ६५ हॉर्सपॉवर आणि ८५ यांत फरक पडतो तो इथे. म्हणूनच मी जास्तीच्या वीस घोड्यांचा आग्रह धरतो.

पट्टी स्वतः पायी चाला, दोन्ही दिशांना. मग कार घेऊन ताशी ५० किलोमीटरनं जा. कारमध्ये नीट बसवलं नाही तर विमानातही बसवणार नाही. आपल्या पूर्व पुण्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चाकाला लाडवासारखी चिकटते. तुमच्या पट्टीची माती तशीच असेल तर चाकांवरची सुबक कव्हरं काढून टाका, त्यांत चिखल भरून चाक जाम होतं. टायर ८.०० मापाचे बसत असतील आणि कागदोपत्री मंजूर असतील तर तेच घाला. गवताची उंची चाकाच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा.

तो हिरमुसलेला मुलगा या वसंतात दुसरं चॅम्पियन घेऊन आला, १९४६चं, नंतर कधीतरी ८५चं इंजिन बसवलेलं. परवा त्यानं फोटो पाठवला. मला वाटलं विमानाचा असेल. पट्टीवरच्या गवतात उभी केलेली फूटपट्टी होती, १८ सेंटीमीटर. त्याचं चाक ४४ सेंटीमीटरचं. मी लगेच फोन केला आणि म्हटलं, आधी कापून घे, मग उड.