थर्मोस्टॅट काढलेली गाडी आणि १८ किलोमीटरचा चढ

निघायच्या आठवडाभर आधी मेकॅनिक म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून टाकतो, गाडी तापायचं नावच घेणार नाही. इंजिन जेवढं थंड, तेवढा पिकअप." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाला) रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप. मी हो म्हटलं, आणि त्यापायी घाटात चार तास गेले. भरलेली गाडी घेऊन लांब चढावर जाणार असाल तर असा सल्ला अजिबात ऐकू नका.

सपाटीचे दोन दिवस चांगले गेले. खटकायला हवी होती अशी गोष्ट एकच. ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून फोनवर बघत होतो, तर हायवेला कूलंट ६५-६८ अंशांच्या वर जातच नव्हतं आणि ॲव्हरेज पडलं होतं. इंजिन अजून तापलेलं नाही असं धरून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल जास्त सोडत राहतो. ऑइल गार म्हणजे दाट, त्यामुळे ताकद घर्षणातच जाते. शिवाय न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतं. थंड हवी ती आत जाणारी हवा, इंजिन नव्हे. कूलंट ९० ते १०० च्या आसपास असलं की गाडी मोकळी पळते.

मग घाट लागला. भर दुपार, चार माणसं, सामान, एसी चालू आणि पुढे ट्रकची रांग. ताशी १५-२० च्या वेगात समोरचा वारा नसल्यातच जमा, सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर. कूलंट पाचव्या किलोमीटरला ९८, सातव्याला १०६, नवव्याला ११३. आणि डॅशबोर्डवरचा काटा मधोमध! बऱ्याच गाड्यांत हा काटा मोठ्या टप्प्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. तो वर सरकला म्हणजे उशीर झालेला असतो, त्याच्यावर विसंबू नका. १०८ नंतर पिकअप संपलाच. आत येणारी हवा तापून विरळ झाली होती आणि नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळायला ईसीयू ठिणगी उशिरा टाकत होता. एसीही आपोआप बंद पडला. ११६ ला बॉनेटखालून वाफ.

थर्मोस्टॅट नसताना गाडी तापली कशी? माझ्या इंजिनात त्याला दोन तबकड्या असतात. गरम झाल्यावर एक रेडिएटरची वाट उघडते, दुसरी बायपासची वाट बंद करते. तोच काढल्यावर बायपास कायम उघडा राहिला आणि बरंचसं गरम कूलंट रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरत राहिलं. सपाटीला उष्णता कमी, म्हणून निभावलं. सगळ्या इंजिनांची रचना अशी नसते, पण तुमची कशी आहे हे घाटात कळून उपयोग नाही.

आकडा नुसता चढत असेल तर एसी बंद, हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण, गिअर खालचा. वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटवू नका; फेऱ्या वाढल्या की पंपही जोरात फिरतो. तरी चढतच असेल तर बाजूला थांबा, इंजिन चालू ठेवा, पंखा फिरू द्या. वाफ दिसली किंवा कूलंट सांडलं तर मात्र इंजिन लगेच बंद. रेडिएटरच्या झाकणाला हात नाही म्हणजे नाही! ते साधारण एक बार दाब धरतं, म्हणून कूलंट शंभरच्या बरंच वरपर्यंत उकळत नाही. दाब सुटला की सगळं एकदम उकळून अंगावर येतं. वाटेतल्या एकाने इंजिनवर गार पाणी ओतायला सांगितलं. मी ओतू दिलं नाही, हेडला तडा जाऊ शकतो. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) हाताने दाबता येईपर्यंत दीड तास थांबलो. झाकण उघडलं तर त्याचं रबर चिरलेलं. म्हणजे दाबही पुरता धरला जात नव्हता, आणि आत मेकॅनिकने भरलेलं नुसतं पाणी! तीन लिटर पाणी घालून, दर दोन किलोमीटरला थांबत वर पोचलो.

दुसऱ्या दिवशी ८८ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट, नवं झाकण आणि अर्धं कूलंट-अर्धं डिस्टिल्ड पाणी. एसी कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसणारी एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामध्ये चिखल-किड्यांचा थर होता, तोही धुतला. नुसतं समोरून बघितलं तर तो दिसत नाही. परतीला तेवढाच चढ, पुढे तसेच ट्रक, एसी चालू, आणि आकडा १०१ च्या वर गेला नाही. पिकअप पूर्ण होता, मला तर गाडी नवी वाटली. पाणी बदलल्यावर आत अडकलेली हवा हळूहळू निघते. दुसऱ्या सकाळी थंड इंजिनवर बघितलं तर पातळी अर्धा लिटर उतरली होती, तेव्हा मिसळलेलं कूलंट एक लिटर तरी गाडीत ठेवा.