‘मुली’ म्हणजे तुम्ही

रजेवर मिरजेला आले, की उपासनेनंतर मंडळीतील बायका हमखास विचारतात, “तिकडे सिंह दिसतात का?” आफ्रिकेतील मलावी देशात ज्या मिशन रुग्णालयात मी परिचारिका म्हणून काम करते, तिथे सिंह मला कधी आडवा आला नाही, आडवी आली ती भाषा.

तिथल्या चिचेवा भाषेत लहानांना आणि बरोबरीच्यांना ‘उली ब्वांजी?’ म्हणजे ‘कसा आहेस?’ असे विचारतात, तर वडीलधाऱ्यांना ‘मुली ब्वांजी?’. पाठ करताना हे सोपे वाटले होते. परंतु मराठी कानाला ‘मुली’ म्हणजे मुलीच, त्यामुळे पांढऱ्या केसांच्या एका आजोबांसमोर माझी जीभ अडखळली आणि तोंडून ‘उली’ निघून गेले. आजोबांनी गोळ्यांची पुडी दोन्ही हातांनी घेतली, ‘झिकोमो’ म्हणून आभार मानले आणि ते शांतपणे गेले. ते गावप्रमुख होते, हे मला संध्याकाळी कळले.

त्या रात्री आजी आठवली. मिरजेत १८९४ साली मिशनचे रुग्णालय उभारणारे डॉ. वानलेस तिने पाहिले नव्हते, पण नंतरच्या मडमा पाहिल्या होत्या. तिच्या सासूबाईंना “तू बस” म्हणणारी एक मडम ती हुबेहूब वठवून दाखवी आणि आम्ही पोरे हसून लोळत असू. ती मडम अपरात्रीही बाळंतपणाला धावून येणारी. तरी आमच्या घरात तिची आठवण उरली ती त्या ‘तू’पुरती.

बाकीच्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या. मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट न्सिमा हाताने खायचा असल्याने भाकरीवर वाढलेल्या मला अवघडल्यासारखे झाले नाही. वीज मात्र बरीचशी शिरे नदीच्या पाण्यावर अवलंबून. कृष्णेच्या चढत्या पाण्याला भिणारी मी तिथे उतरत्या पाण्याची धास्ती घेऊ लागले.

पुढच्या आठवड्यात कमरेला तिथल्या बायकांसारखे चितेंजेचे कापड गुंडाळून मी आजोबांच्या अंगणात गेले, गुडघे टेकून ‘मुली ब्वांजी?’ म्हटले आणि अडखळण्याचे कारणही सांगून टाकले. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आता रक्तदाब तपासायला येताना ते दोन्ही नातींना बरोबर आणतात आणि दारातूनच त्यांच्याकडे बोट दाखवून मला म्हणतात, “मुली!”