शहरात उतरल्यावर पुढं काय?

मायच्या गुडघ्यापायी महिन्यातून एकदा नागपूरले जाणं होतेच. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली, तवापासून माय आधार कार्ड पदराच्या गाठीत बांधून नेते, कंडक्टरनं विचारायच्या आधीच गाठ सोडते. लय चांगलं काम झालं हे सरकारचं. पण नागपुरात उतरलं की तिथून दवाखान्यापर्यंत ऑटोवाला १५० मागते, म्हणजे गावाहून येणं फुकट अन् शहरातल्या शहरात खिसा खाली.

नागपूरच्या मेट्रोले पैसा भेटते, तिच्यात केंद्र अन् राज्य दोघांचंही भांडवल आहे, वरून परदेशी बँकांचं कर्ज, आता दुसरा टप्पा ४३.८ किलोमीटरचा, बुटीबोरी, कन्हानकडे जाणारा, आमच्याकडचे पोट्टे बुटीबोरीच्या एमआयडीसीत जातात त्यायले कामाचाच आहे तो. पण मेट्रो स्टेशनपासून दवाखान्याच्या दारापर्यंत सिटी बस पायजे न बाप्पा! ती तोट्यात चालते म्हणतात, अरे रस्ता बांधला तं त्याचा नफा-तोटा कोणी पाह्यते का? बसलेही तसाच पैसा द्या, दर दहा मिनिटाले सोडा, अन् पायरी खाली असलेली गाडी घ्या, मायले मागच्या खेपेला दोघांनी उचलून चढवा लागलं.